वाहनांच्या पाठीवरची नाममुद्रा

लोकसाहित्याचा पेपर शिकवताना गेली काही वर्षे मी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक जादा काम देत आलो आहे. त्याला गुण नसतात. महाविद्यालयाच्या वाहनतळावर, बसस्थानकाबाहेर, आठवडी बाजारात उभ्या असलेल्या वाहनांवर जे काही लिहिलेले असेल ते जसेच्या तसे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट, वहीत उतरवून आणायचे. जाते गेले आणि जात्यावरची ओवी गेली, अशी हळहळ आपण मराठीचे अध्यापक दरवर्षी व्यक्त करतो. ती खोटी नाही. पण लोकांनी स्वतःविषयी बोलणे थांबवलेले नाही. त्यांनी जागा बदलली आहे, आणि ती नवी जागा आपण अभ्यासाच्या लायकीची मानत नाही. ज्या अंबाजोगाईत दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर पंचीकरणाचा विषय लिहून काढला, त्या परिसरात राहणाऱ्यांनी तरी मजकूर कशावर लिहिला आहे यावरून त्याची योग्यता ठरवू नये.

हे सगळे आज लिहावेसे वाटले ते एका वहीमुळे. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

बीड जिल्ह्यात वाहन ही नुसती सोय नाही. परळीला रेल्वे जुनी आहे, पण खुद्द बीड शहरातून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्त झाल्याला बरोबर ७७ वर्षे झाली त्या दिवशी. तोवर इथल्या माणसाचे येणे-जाणे, लग्नाची वऱ्हाडे, दवाखाना, बाजार आणि पोट असे सारेच रस्त्याच्या आधाराने चालत होते, आणि बव्हंशी अजूनही चालते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे फडाच्या कडेची कोपी. कोपीला चौकट नसते, त्यामुळे चौकटीवर गणपती बसवायचा प्रश्नच येत नाही. मग तो ट्रॉलीच्या फाळक्यावर बसतो. त्याच्याशेजारी गावाचे नाव, मुकादमाचे नाव, आई-वडिलांचा आशीर्वाद आणि भगवानबाबांची नाही तर आणखी कोणाची तसबीर असते. परमुलखात ही ट्रॉली उभी राहिली की तिच्या पाठीवरची अक्षरे हाच त्या माणसांचा पत्ता असतो. कारखान्याच्या काट्यापुढे लागलेल्या रांगेत आपल्या तालुक्याची अक्षरे दिसली की माणसे आपणहून जाऊन बोलतात, असे ऊसतोडीच्या घरातून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी अनेकदा सांगितले आहे. तेव्हा काचेवरच्या अक्षरांना सरसकट उथळ प्रदर्शन म्हणणाऱ्या शहरी लेखांशी माझे जमत नाही. ज्याला घराबाहेर अर्धे वर्ष काढायचे आहे त्याने आपले दैवत आणि आपले गाव पाठीवर घेऊन निघावे, यात उथळ काय आहे?

परंतु वह्या जमत गेल्या तसे माझ्या लक्षात आले की ही अक्षरे सगळी एका जातीची नाहीत. (हा शब्द इथे सहज आला, पण तो राहू द्यावा.) मी व्याकरणाचा माणूस असल्याने मला आधी क्रियापद दिसते. जुन्या वाहनांवर, म्हणजे पेंटर हाताने रंगवत असत त्या काळातल्या ट्रकांवर आणि आजही शिल्लक असलेल्या काही काळ्या-पिवळ्यांवर, वाक्यरचना ठरलेली असे: अमुक देव प्रसन्न, तमुक देवीची कृपा, आईचा आशीर्वाद, वडिलांची पुण्याई. या रचनेत गाडीचा मालक कर्ता नाही. तो घेणारा आहे, देणारा दुसरा कोणी आहे. देव त्याच्याकडे पाहतो आहे आणि त्याने ते पाहणे नुसते नोंदवले आहे. मागून येणाऱ्यासाठी त्यात काहीही नाही. फार तर दृष्ट लावणाऱ्याला एक दम असतो. तो दमही परंपरेतलाच आहे. यादवकाळातल्या दानलेखांच्या अखेरीस दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरत असत, त्या गद्धेगाळीचा हा दूरचा नातू मानता येईल.

नंतरची रचना 'जय'ची आहे. जय जिजाऊ, जय भगवान, जय मल्हार, जय लहुजी, जय सेवालाल, जय भीम. इथे घेणारा राहिला नाही, बोलणारा आला. आणि तो देवाशी बोलत नाही, मागच्या गाडीशी बोलतो. 'प्रसन्न' हा शब्द गाडीच्या पुढच्या काचेवर शोभतो, 'जय' हा मागच्या काचेवर, हे भेद कोणी शिकवलेले नाहीत, पण वह्या पाहिल्या तर फार थोडे अपवाद सापडतात. मारुतीचेच पाहा. आपल्या गावोगावच्या पारावरचा मारुती हात जोडून उभा असतो किंवा द्रोणागिरी उचलून निघालेला असतो. दोन्ही वेळा त्याचे लक्ष रामाच्या कामाकडे असते. कासरगोडच्या करण आचार्य या चित्रकाराने २०१५ मध्ये केशरी-काळ्या रंगात भुवया आक्रसलेल्या हनुमानाचा फक्त चेहरा काढला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो देशभरच्या मागच्या काचांवर गेला. आमच्या जिल्ह्यातही तो आहे. तो मारुती रामाकडे पाहत नाही. तो तुमच्याकडे, मागून येणाऱ्याकडे पाहतो. श्रद्धेची नजर देवाकडून शेजाऱ्याकडे वळली, ती याच काळात.

इथपर्यंतचा सिद्धान्त मी वर्गात मांडला तेव्हा मला तो फार आवडला होता. नंतर त्याला एक भोक पडले, तेही सांगतो.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, 'जय भीम'ला पण तुम्ही त्याच रांगेत बसवणार का?" प्रश्न रास्त होता. ज्यांच्या पूर्वजांना समोरच्याला 'जोहार' घालावा लागत होता, त्यांनी 'जोहार' टाकून 'जय भीम' घेतला. कामठीच्या बाबू हरदासांकडे या अभिवादनाचे श्रेय दिले जाते. म्हणजे या 'जय'चा जन्मच दुसऱ्याकडे तोंड करून, मान वर करून बोलण्यासाठी झालेला आहे. इथे कृपेच्या व्याकरणातून बाहेर पडणे हीच मुक्ती आहे. आणि मराठवाड्यात तर एका नावासाठी माणसांनी काय सोसले हे आपल्या पिढीला सांगण्याची गरज नसावी. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर गावोगाव वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. इतके जुने कशाला, मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा खून झाला. ज्याला हे नाव लावल्याची किंमत मोजावी लागते त्याच्या काचेवरचे अक्षर, आणि ज्याला ते लावून रस्ता मोकळा करून मिळतो त्याच्या काचेवरचे अक्षर, यांची जाडी, रंग आणि इंचाचा भाव सारखा असला तरी अर्थ सारखा नाही. तेव्हा केवळ क्रियापदावरून निकाल देता येत नाही. कोण, कोणाला, कोणत्या रस्त्यावर म्हणतो आहे हे पाहावे लागते. वाक्याचा अर्थ वाक्यात संपत नाही हे आपण शैलीविज्ञानाच्या तासाला शिकवतोच, ते मलाच एका विद्यार्थिनीने शिकवले.

अर्थ वाचणाऱ्याच्या हाती किती असतो याचा अनुभव मी स्वतःही घेतला आहे. माझ्या पहिल्या चारचाकीवर मी 'श्री योगेश्वरी प्रसन्न' असे लिहून घेतले होते. आमच्याकडे योगेश्वरी ही गावाची देवी. तिच्यापुढे सगळेच हात जोडतात. ती गाडी घेऊन पुण्यात एका परिचितांकडे गेलो तर त्यांच्या शेजाऱ्यांनी मोठ्या अगत्याने चहा पाजला, कोकणातले आमचे मूळ गाव विचारले आणि गोत्र विचारले. योगेश्वरी ही कित्येक चित्पावन कुटुंबांची कुलदेवता आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होते. माझ्या काचेवर ते लिहिलेले आहे हे ठाऊक नव्हते. माझे आडनाव सांगितल्यावर अगत्य कमी झाले नाही, पण संभाषण हवामानाकडे वळले. त्या दिवशी मला कळले की आपल्या समाजात वाचनाची एक अत्यंत तरबेज परंपरा आहे. साहित्य वाचणारे कमी झाले असतील, आडनाव वाचणारे मात्र पूर्वीइतकेच साक्षर आहेत.

मराठवाड्यात अनोळखी माणसाला सरळ जात विचारत नाहीत. ते अशिष्ट मानले जाते. आधी गाव विचारतात, मग "पाहुणे कोणाकडचे?" म्हणतात, मग आडनाव पुरेसे बोलके नसेल तर सोयरीक कुठली हे विचारतात. ज्याला खोली भाड्याने घ्यायची आहे त्याला ही प्रश्नमालिका पाठ असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती चार घरांच्या ओसरीवर बसून दिली आहे, आणि त्यातल्या तीन ठिकाणी खोली 'कालच गेलेली' होती. स्टिकरने या सगळ्या शिष्टाचाराची गरज संपवली. प्रश्न विचारला जाण्याआधीच उत्तर येऊन समोर उभे राहते. माझ्या मते या अक्षरांच्या प्रसाराचे हे एक कारण आहे, आणि ते आपल्याला वाटते तितके आक्रमक नाही. सतत तपासला जाणारा माणूस कधीतरी कंटाळून आपले उत्तर कपाळावर लिहून टाकतो. पण एकाने लिहिले की दुसऱ्याच्या कोऱ्या काचेचाही अर्थ लागायला लागतो. कोरी काच म्हणजे कोण, यावरही आमच्याकडे अंदाज बांधले जातात.

आता रेडियमवाल्याविषयी. आपल्याकडे या व्यवसायाला रेडियम का म्हणतात हे कोड्यात टाकणारे आहे. त्या मूलद्रव्याचा आणि चकाकत्या चिकटपट्टीचा संबंध अंधारात चमकण्यापुरताच. पेंटरच्या ब्रशाची जागा आधी हाताने कापलेल्या पट्ट्यांनी आणि मग कटिंग प्लॉटरने घेतली. माझ्या ओळखीचा रेडियमवाला मुसलमान आहे. त्याच्या टपरीत भगवा, निळा, पिवळा, हिरवा असे रोल शेजारी शेजारी उभे असतात. संगणकात शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा, अशोकचक्र, भंडारा उधळणारे हात, ७८६ आणि चाँदतारा हे सारे एकाच फोल्डरमध्ये असते. "सर, माझ्याकडं सगळेच जय हायेत. रोल तेवढा बदलायचा," असे तो म्हणाला तेव्हा मी ते वहीत लिहून घेतले. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, आषाढी, दसरा अशी त्याची सुगी ठरलेली आहे. वेलांटीची तलवार करायची आणि उकाराची ढाल, हे त्यालाच जमते. मोडी लिपी न येणारा हा माणूस मोडीतली अक्षरे इतकी डौलदार कापतो की मोडीच्या प्रमाणपत्र वर्गाला त्यालाच बोलवावे असे मला वाटते. एकदा एका जीपच्या मागच्या काचेवर त्याने मर्यादामुद्रा लावलेली पाहिली. शिवकालीन पत्रात राजमुद्रा आरंभी असते आणि मजकूर इथे संपला हे सांगणारी मर्यादामुद्रा अखेरीस. गाडीच्या शेवटच्या टोकाला ती लावणे हे इतिहासाच्या दृष्टीने इतके अचूक होते की मी थक्क झालो. अर्थात ते नकळत घडले होते. त्याने मला विचारले, "ह्याचा अर्थ काय हो सर?" मी सांगितल्यावर म्हणाला, "म्हंजे ह्याच्या म्होरं काय लिहायचं न्हाई."

नंबरप्लेटवरची कला मात्र जवळजवळ संपली. इंग्रजी ४१४१ हे आकडे वळवून 'दादा', २१४ चे 'राम', ४९१२ चे 'पवार' करणे ही खरी लिपीक्रीडा होती. चित्रकाव्याच्या प्रकरणात तिला एक परिच्छेद द्यायला हरकत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, पुढे जुन्यांवरही ती आली. आता त्या पाटीवर सरकारचे अशोकचक्र आणि सरकारचीच अक्षरे. गंमत अशी की सरकारनेही पुढच्या काचेवर आपले एक स्टिकर लावलेच आहे: पेट्रोलच्या गाडीला फिकट निळे, डिझेलच्या गाडीला केशरी. ते फक्त गाडी काय पिते एवढेच सांगते. रंगांचा इतका निर्मळ वापर आमच्या जिल्ह्यात दुसरा नाही.

नाममुद्रेचा विचार मी आधी मनातल्या मनात केला आणि नंतर तो वर्गात मांडला. अभंगाच्या अखेरच्या चरणात संत आपले नाव घालतात. त्या नावाबरोबर पुष्कळदा त्यांचा धंदा, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने जात, येते. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. त्यांनी ती लपवली नाही. चोखोबांनी तर ती इतक्या उघडपणे सांगितली की आजही वाचताना आपल्याला मान खाली घालावी लागते. प्रश्न असा की शेवटच्या चरणात, म्हणजे मागच्या काचेवर, जात लिहिणारे हे संत आणि आजचा काचेवर जात लिहिणारा तरुण यांच्यात फरक तो काय? मला वाटते फरक असा. संतांनी आपली जात विठ्ठलाला सांगितली. ती त्याच्यापुढे ठेवली, त्याला त्याबद्दल जाब विचारला, ती त्याच्या हवाली केली. कांदा-मुळ्यात, मडक्यात, सोन्याच्या मुशीत देव दिसू लागला तेव्हा धंदा उरला आणि उतरंड गळाली, निदान त्या चरणापुरती. आज तेच संत एकेका समाजाच्या वाट्याला आले आहेत. ज्या त्या समाजाने आपापल्या संताचा 'जय' आपापल्या काचेवर लावला आहे, आणि ज्यांनी एका वाळवंटात एकमेकांच्या पाया पडायची रीत घातली ते आता वेगवेगळ्या गाड्यांच्या पाठींवरून एकमेकांना ओव्हरटेक करत आहेत. कोणाही एका समाजाला यात दोष देता येणार नाही. ज्याचे नाव पाठ्यपुस्तकात नाही, पुतळ्यात नाही, रस्त्याला नाही, तो आपला संत रेडियमवर आणणारच.

आमच्या जिल्ह्यापुरते याचे उदाहरण गडांचे आहे, आणि ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. भगवानबाबांचा जन्म पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचा. त्यांची समाधी भगवानगडावर, बीड आणि पूर्वीचा अहमदनगर या जिल्ह्यांच्या सीमेवर. गोपीनाथ मुंडे यांच्या काळात गडावरचा दसरा मेळावा साऱ्या राज्याच्या राजकारणात गाजला. ३ जून २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये गडावर राजकीय भाषण होऊ द्यायचे की नाही यावरून वाद झाला आणि पुढच्या वर्षीपासून मेळावा सावरगावला गेला. दुसरा गड नारायणगड. तिथे १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा झाला. त्याच दिवशी सावरगावला पंकजा मुंडे यांचा. त्या दिवशी जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून जी वाहने गेली त्यांच्या काचा वाचल्या असत्या तर कोणती गाडी कोणत्या फाट्याला वळणार हे दोन कोस आधी सांगता आले असते. आता यातली गोष्ट अशी की भगवानबाबांची सुरुवातीची साधना नारायणगडावरची आहे. माणिकबाबा हे त्यांचे गुरू. म्हणजे आज ज्या दोन अक्षरांवरून माणसे एकमेकांना ओळखतात आणि टाळतात, ती एकाच परंपरेतून आलेली आहेत, एकाच माळेची आणि एकाच वारीची. हे मी वर्गात सांगितले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले गप्प झाली. त्यांपैकी कोणालाच ते माहीत नव्हते असे नाही. ते मोठ्याने बोलायची सवय गेली होती.

बोलायची सवय कशी गेली हे बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला. ३० ऑक्टोबरला बीडमध्ये आणि माजलगावात जाळपोळ झाली, लोकप्रतिनिधींची घरे पेटवली गेली. पुढच्या लोकसभेच्या निवडणुकीत माणसे बूथवर जाताना नव्हे तर किराणा आणतानाही दुकानदाराचे आडनाव आठवू लागली. मग ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या झाली. एका माणसाच्या क्रूर हत्येचा निवाडा न्यायालयात व्हायचा तो व्हावा. पण त्या हत्येचे ओझे शेकडो निरपराध आडनावांवर दोन्हीकडून वाटून टाकले गेले. या काळात काचेवरच्या अक्षरांचे वजन एकदम वाढले. कालपर्यंत जे हौसेचे होते ते पुराव्याचे झाले.

२०२५ च्या सुरुवातीला बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवर आणि गणवेशावरच्या पट्ट्यांवर फक्त पहिले नाव ठेवायचा निर्णय घेतला. पुष्कळांनी त्याची चेष्टा केली. आडनाव काढल्याने काय होते, कोण कोणाचा हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक असते, असे म्हणणे पडले. ते खरेही आहे. तरी मला तो निर्णय आवडला. तक्रार घेऊन आलेल्या बाईला पहिल्या क्षणी समोर 'अमुक आडनावाचा' नव्हे तर एखादा 'ज्ञानेश्वर' किंवा 'सुनीता' दिसावी, एवढी सवलत तिला मिळाली. उत्तर प्रदेशाने मात्र दुसरी वाट धरली. तिथे डिसेंबर २०२० मध्ये वाहनांवरच्या जातनामांविरुद्ध कारवाईचे आदेश निघाले, आणि त्यामागची तक्रार महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाची होती; सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथल्या सरकारने पोलिसी नोंदींतील जातीचे उल्लेख, वाहनांवरची जातीची अक्षरे आणि जातींचे मेळावे या सगळ्यांवर मिळून बंदी घातली. पोलिसांच्या नोंदीतून जात काढणे योग्यच आहे. पण वाहनांच्या बाबतीत असा आदेश आपल्याकडे आला तर मी त्याच्या बाजूने बोलणार नाही. पोलिसांनी आपले आडनाव काढणे आणि पोलिसांनी दुसऱ्याचे नाव खरवडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सत्तेने स्वतःला मुरड घातली. दुसऱ्यात चौकात उभा असलेला शिपाई ठरवणार की 'जय भीम' जात आहे, 'राजे' मात्र इतिहास आहे, की याच्या उलट. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राने ट्रकांवरचे 'हॉर्न ओके प्लीज' बंद केले. ते अजूनही ट्रकांवर आहे. ज्या शब्दांना काहीच अर्थ उरला नव्हता ते पुसता आले नाहीत.

विद्यार्थिनींच्या वह्यांमध्ये मला आणखी एक गोष्ट सापडली जी माझ्या वर्गीकरणात कुठेच बसत नव्हती. गाड्यांवर मुलांची नावे असतात: श्रेया, आर्यन, स्वरा. नुसते पहिले नाव, त्यापुढे आडनाव नाही, त्यामागे 'जय' नाही. मालवाहू छोट्या हत्तीवर, भाजीच्या टेम्पोवर, बाप कर्ज काढून गाडी घेतो आणि तिच्यावर लेकीचे नाव घालतो. त्या नावांवरून जात ओळखता येत नाही, आणि आमच्या मुलींनी तो प्रयोग करून पाहिला, बारा नावांपैकी एकाचाही अंदाज बरोबर आला नाही. हे त्यांनी मला फार आनंदाने सांगितले. मी त्यांना विचारले नाही की बरोबर-चूक हे त्यांनी कसे पडताळले. पडताळायला अर्थातच आडनाव विचारावे लागले असणार.

आता ती वही. मुलगा हुशार आहे, घरचा ऊसतोडीचा, सुट्टीत स्वतःही फडावर जाणारा. त्याने शंभराहून अधिक मजकूर उतरवून आणले होते, ठिकाण आणि वार घालून. पण महाविद्यालयाच्या वाहनतळाच्या पानावर एका ओळीत फक्त गाडीचा प्रकार लिहिला होता, 'मोटारसायकल, काळी', आणि पुढची जागा मोकळी. मी विचारले, ही का सोडली? तो म्हणाला, "माझीच आहे, सर. आता काही नाही त्याच्यावर." वडिलांनी काढायला लावले होते. तो रोज तीस-बत्तीस किलोमीटर येतो, वाटेत चार गावे लागतात, दोन या बाजूची आणि दोन त्या. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी कोणीतरी त्याला थांबवून नाव विचारले होते. मारले नाही, काही बोललेही नाही, नुसते नाव विचारून जाऊ दिले. त्याच रात्री वडिलांनी घासलेट लावून अक्षरे खरवडली.

तास संपल्यावर मी त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेलो. टाकीवर तीन-चार वर्षे रेडियम होते; आजूबाजूचा रंग उन्हाने विटला होता आणि अक्षरांखालचा मात्र जसाच्या तसा, काळाभोर राहिला होता. कडेला उरलेल्या डिंकाला रस्त्याची धूळ चिकटली होती. मजकूर दुरूनही वाचता येत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, रुमाल काढला आणि टाकी पुसली. पुसल्यावर अक्षरे आणखी स्पष्ट दिसू लागली. मग त्याने रुमाल तसाच टाकीवर पसरला, त्याची दोन टोके सीटखाली खोचली, आणि गाडी सुरू केली.